प्रतिसाद: अतिरंजित? मला नाही वाटत

वर कुणीतरी मार्गारेट ॲटवूड यांच्या 'द हँडमेड्स टेल'ला (बायकांचे हक्क काढून घेणाऱ्या राजवटीची कादंबरी) अतिरंजित म्हटलंय. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. सकाळी ठाण्याला लेडीज डब्यात चढून (उभ्यानेच, अर्थात) वाचत होते. बायकांची बँकखाती एका दिवसात गोठवून पैसा नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातो, तो प्रसंग आला. तेवढ्यात समोरची बाई मटार सोलता सोलता मैत्रिणीला म्हणाली, "कार्ड यांच्याकडेच असतं गं, मला कशाला लागतंय?" पान उलटायचंच राहिलं.

ॲटवूडबाईंनीच सांगितलंय, १९८५ च्या या कादंबरीत इतिहासात कुठेच घडलं नाही असं काही घातलेलं नाही. आणि आपल्या ताराबाई शिंद्यांची बायकांवरच्या अन्यायाबद्दलची १८८२ ची 'स्त्रीपुरुष तुलना' तर कल्पितही नव्हे!

कादंबरीवरची टीव्ही मालिका मात्र दुसऱ्याच भागात सोडली. बघवेना.