मदत हवी आहे : स्टारड्यू व्हॅलीचा पहिला वसंत

नमस्कार मंडळी. आठवड्यापूर्वी स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळायला घेतला आणि त्यात पुरती रमले आहे. माझा वसंत ऋतूचा नववा दिवस चालू आहे. सुरुवातीला मिळालेल्या १५ पार्स्निप (गाजरासारखं कंदमूळ) बियांचं पीक निघालं, ते विकून बटाटे लावले. हातात आता साधारण ९०० नाणी आहेत.

मुख्य अडचण अशी : १३ तारखेच्या अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बियाणं १०० नाण्यांना मिळतं. आठ दिवसांनी पहिली फळं, मग दर चार दिवसांनी तोडा, म्हणजे त्याच संध्याकाळी लावली तर ऋतू संपायच्या, म्हणजे २८ तारखेच्या आत दोनच तोडे. त्यासाठी सगळे पैसे राखून ठेवू, की २००० जमवून आधी पिशवी मोठी करू? बारा कप्पे खाणीत उतरल्यावर लगेच भरतात, दगड फेकून देताना जीव तुटतो.

दुसरं, पाणी घालण्यातच सकाळची निम्मी ताकद जाते. झारी तांब्याची करायला दिली तर दोन दिवस लोहाराकडे राहते. गेममधल्या टीव्हीवर उद्याचा पाऊस पाहून आदल्या दिवशी द्यावी, हे बरोबर ना? तोवर किती वाफे ठेवावेत?

आणि मासेमारी! गळाला लागलेल्या माशावर धरून ठेवायची ती हिरवी पट्टी माझ्याकडून स्थिर राहतच नाही. कुणी सोपी युक्ती सांगेल का? गावातल्या लोकांच्या गोष्टींबद्दल मात्र काही सांगू नका, त्या मला स्वतःच शोधायच्या आहेत.