फाशीविरोधी काम आपल्या सीमाभागात नेमके कुठून सुरू करावे?

प्रश्न – खानापूरकर

नमस्कार. 10 ऑक्टोबर या जागतिक मृत्युदंडविरोधी दिनानिमित्त आमच्या तरुण मंडळाने गावातील वाचनालयात कार्यक्रम घ्यावा, असा विचार पुढे आला आहे. पण बैठकीत दोन तट पडले. बेळगावजवळच्या हिंडलगा कारागृहातील फाशीखांब आपल्याच जिल्ह्यात असताना आपण गप्प बसू नये, असे काहींचे म्हणणे आहे. ज्यांच्या घरचे माणूस मारले गेले, त्यांच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार, असे इतर विचारतात. शासनाने कोणाचाही जीव घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. परंतु सभा, ठराव आणि निवेदन यांपलीकडे लहान गावातील मंडळाला करण्यासारखे काही आहे का?

उत्तर – वकील, टिळकवाडी

आहे, आणि ते फाशीची तारीख जवळ येण्याच्या कितीतरी आधी करावे लागते.

हिंडलगा कारागृहात 1983 नंतर कोणालाही फाशी दिलेली नाही, तरीही फाशीचे कैदी तेथे वर्षानुवर्षे ठेवले गेले. 1993 च्या पालार भूसुरुंग स्फोटात 22 जणांचा बळी गेला. त्या खटल्यातील चौघांना विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली होती, ती 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने वाढवून फाशी केली. त्यांचे दयेचे अर्ज 2013 च्या फेब्रुवारीत फेटाळले गेले, तेव्हा ते चौघे हिंडलग्यातच होते. अखेर 21 जानेवारी 2014 रोजी, अर्जांवरील निर्णयाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे, त्यांची फाशी रद्द झाली. याच कारागृहात सुमारे दहा वर्षे एकांतवासात ठेवलेल्या आणखी एका कैद्याची फाशीही 2022 मध्ये रद्द झाली.

या निकालांनी जीव वाचले, पण ते शेवटच्या टप्प्यावर. 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी केवळ ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात द्यायची आहे आणि तसे ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचे आयुष्यही पाहायचे आहे. आरोपीची मानसिक स्थिती, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि शिक्षण यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयासमोर यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मनोज प्रकरणात सांगितले. प्रत्यक्षात आरोपीची आई शाळा सोडल्याचा दाखला आणि सरकारी दवाखान्यातील जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन कोर्टाच्या आवारात उभी असते आणि त्यांतील कोणता कागद कामाचा, हे तिला कोणी सांगत नाही. शिवाय आपल्याकडचे दाखले मराठीत असतात; ते कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरासह सादर करावे लागतात. कागद गोळा करणे, जुने शिक्षक आणि शेजारी शोधणे, भाषांतर करून देणे आणि सारे वेळेत वकिलाच्या हाती पोहोचवणे, हे काम तुमचे मंडळ करू शकते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आपल्या जिल्ह्याचे प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे जाते, तेथेही हेच कागद उपयोगी पडतात.

उत्तर – निपाणीचा वाचक

मी फाशीच्या बाजूचा आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशी 2022 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा त्या लेकरांच्या आईवडिलांना काय वाटले असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? सरकारने दयेच्या अर्जावर वर्षे घालवली, त्याची शिक्षा त्यांनी का भोगावी? आरोपीच्या आईसाठी धावणारे मंडळ मृताच्या आईच्या दारात जाणार नसेल, तर सीमाभागातील लोक त्याचे ऐकणार नाहीत.

उत्तर – वकील, टिळकवाडी

आपला राग रास्त आहे आणि प्रश्नही. मात्र त्या आईवडिलांना वीस वर्षे टांगणीला ठेवले ते फाशीच्याच प्रक्रियेने. 2001 साली सत्र न्यायालयात फाशीऐवजी जन्मठेप झाली असती, तर निकालाची वाट पाहणे केव्हाच संपले असते. मृताच्या कुटुंबाला पीडित भरपाई योजनेतून मदत मिळण्याची तरतूद आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो भरून देण्यापासून मंडळाने सुरुवात करावी, असे मी सुचवीन.

खानापूरकर

दोघांचेही आभार. तालुक्यातील एका कुटुंबाचा भरपाईचा अर्ज अद्याप झालेला नाही, असे कळले आहे. कार्यक्रम ठरवण्याआधी आम्ही त्यांच्याकडे जाऊ. भाषांतरासाठी कन्नड उत्तम लिहिणाऱ्या दोन शिक्षिका मंडळात आहेत. वकीलसाहेब, दाखल्यांच्या भाषांतरावर कोणाची सही चालते, तेवढे कृपया कळवावे.