चिंतन-वह्या बंद करायच्या म्हणे!

वहीपेन: 'बालशिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमातून चिंतन-वह्या (शिकाऊ शिक्षकांनी वर्गातल्या अनुभवांवरचा विचार लिहायच्या वह्या) आणि नीतीचा पेपर काढा, मुलांवर माया असली की बाकी आपोआप जमतं,' हे काल इथं वाचलं आणि राहवलं नाही.

चार वर्षांच्या मुलाची आई सांगते, दुपारी झोपू देऊ नका, रात्री जागतो आणि मला पहाटे कामाला जायचं असतं. इकडे मूल पेंगतंय. माया दोघांवरही आहे, मग काय करणार? अमेरिकेतल्या बालशिक्षकांच्या संघटनेनं १९८९ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. तिचं पहिलं तत्त्व असं की मुलाला अपाय होता कामा नये, आणि हे बाकी सगळ्या तत्त्वांच्या वर. तरी अर्धा तास झोपू द्यायचं की आईशी पुन्हा बोलायचं, हे संहिता सांगत नाही. तो विचार करायची सवय वर्गावर जायच्या आधीच लागायला हवी.

जुनी_ताई: ते मीच लिहिलं होतं. वह्या तपासल्यात कधी? मी तपासते. प्रत्येकीत एकच वाक्य: 'आज जाणवलं की प्रत्येक मूल वेगळं असतं.' व्यावसायिक माणसं काम करताना विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड शॉननं १९८३ मध्ये काम चालू असतानाचं चिंतन आणि नंतरचं चिंतन वेगळं केलं. आपण पहिलं सोडून दिलं आणि दुसऱ्याला गुण लावले.

शिकाऊ: ते वाक्य कुठून येतं सांगू? सरावपाठाच्या वेळी एका बाईंनी रडणाऱ्या मुलीला दाराबाहेर बसवलं. मी वहीत लिहिलं. मार्गदर्शकांनी बोलावून सुनावलं, 'असलं लिहायचं नसतं, शाळा पुढच्या वर्षी आपल्याला घेणार नाही.' गुणही कापले. तेव्हापासून माझंही प्रत्येक मूल वेगळं असतं.

कोपरा: वह्यांचं राहू द्या, फोटोंचं बोला. नोंदीच्या नावाखाली रडणारी, चड्डी ओली झालेली मुलं पालकांच्या ग्रुपवर जातात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम १६ वाचा, खासगीपणा मुलांनाही आहे.

दोन_मुलांची_आई: फोटो बंद केले तर माझ्या न बोलणाऱ्या बाळाचा दिवस कसा गेला ते कळणार कसं? आणि आम्ही संमतीची सही दिलेली असते.

कोपरा: सही तुमची, चेहरा त्याचा. मूल तोंड फिरवतं, हात आडवा धरतं, तो नकार नाही? बोलता येण्याआधीही मूल आपली इच्छा कितीतरी प्रकारे सांगतं, हे त्याच कराराच्या बालहक्क समितीनं २००५ मध्येच लिहून ठेवलंय. फोटोऐवजी दोन ओळी लिहा.

जुनी_ताई: पंचवीस मुलं, दोघी बाया. ओळी कोण लिहिणार? एक दिवस वर्ग सांभाळा, मग शिकवा आम्हाला!

कोपरा: हात अपुरे पडतात म्हणून मुलाचा नकार मोडायचा? हे मला पटणार नाही.

वहीपेन: भांडा, पण शिकाऊच्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही. खरं लिहिलं म्हणून गुण गेले, हाच नीतीचा प्रश्न आहे.

जुनी_ताई: बरं, वही राहू दे. पण गुण नकोत, आणि नेमणुका ठरवणाऱ्याच्या हाती ती पडता कामा नये. एवढं होणार नसेल तर माझं कालचं म्हणणं कायम.