मदत हवी आहे : ४.८ गिगाहर्ट्झवर प्रोसेसर स्थिर राहत नाही

माझ्या घरच्या डेस्कटॉपमध्ये इंटेल कोअर आय५-८६००के हा सहा कोअरचा प्रोसेसर, झेड३७० चिपसेटचा मदरबोर्ड आणि दोन पंख्यांचा एअर कूलर आहे. प्रोसेसरचा मूळ वेग ३.६ आणि कमाल टर्बो वेग ४.३ गिगाहर्ट्झ असून सर्व कोअर ४.८ वर चालवण्याचा माझा प्रयत्न आहे.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरला १.३० व्होल्ट दिल्यावर विंडोज आणि गेम सुरळीत चालतात (अर्थात, तेवढ्यावरून संगणक स्थिर आहे असे मी मानत नाही), परंतु प्राइम९५ या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी एव्हीएक्ससह (जड गणितासाठीच्या प्रोसेसर-सूचनांसह) लावली की व्होल्टेज १.२४ पर्यंत घसरते, तापमान ९० अंशांपलीकडे जाते आणि थोड्याच वेळात एखादा वर्कर (चाचणीचा एक समांतर भाग) थांबतो किंवा ब्लू स्क्रीन येतो. एव्हीएक्स बंद ठेवल्यास तीच चाचणी रात्रभर विनातक्रार चालते. रॅम जास्त वेगाने चालवणारे एक्सएमपी प्रोफाइल सध्या बंद आहे, त्यामुळे रॅमवर संशय नाही.

अशा वेळी लोड लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेजची घसरण कमी करणारी सेटिंग) एक पायरी वाढवावे, की एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्सच्या कामांवेळी वेग कमी करणारी सेटिंग) २ ठेवून त्या कामांपुरता वेग ४.६ वर उतरू द्यावा? व्होल्टेज वाढवले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तो मार्ग शेवटचाच ठेवला आहे. हाच प्रोसेसर एअर कूलरवर चालवणाऱ्यांनी आपली सेटिंग्ज आणि पूर्ण भारावरील व्होल्टेज कृपया कळवावे.