२ नोव्हेंबरला कबरीवर जाता आलं नाही तर चालतं का?

नमस्कार, पप्पा मार्चमध्ये गेले. त्यांच्यानंतरची घरातली पहिलीच २ नोव्हेंबर, म्हणजे कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, आहे आणि नेमकी त्याच दिवशी हिंजवडीत शिफ्ट, सुट्टी मिळत नाहीये. आई म्हणते त्या दिवशी मेणबत्ती लागलीच पाहिजे, मला तर रात्री झोप लागत नाहीये. कोणी सांगेल का?

उत्तर : ताई, मन लहान करू नका. १ तारीख सगळ्या संतांची, २ तारीख आपल्या मृतांची, पण १ ते ८ नोव्हेंबर कुठल्याही दिवशी सिमेट्रीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की इंडल्जन्स, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सूट, मिळतो आणि तो फक्त त्यांच्यासाठीच अर्पण करायचा असतो. सोबत कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली), कम्युनियन (पवित्र भाकर घेणं) आणि पोपसाठी प्रार्थना हवी. म्हणजे रविवारी आईला घेऊन निवांत जा.

उत्तर : २ तारखेला फादर तीन मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) करू शकतात, १९१५ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी सगळ्या फादरांना ही परवानगी दिली. त्यामुळे पहाटेची किंवा संध्याकाळची मिस्सा आहे का ते पॅरिश ऑफिसात विचारा आणि पप्पांचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. मी आईसाठी दरवर्षी नाना पेठेतल्या सिटी चर्चला देते, सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवरचं ते, तिचं लग्न तिथेच झालेलं.

उत्तर : कबर आधीच्या शनिवारी धुवून घ्या, गवत फार वाढलेलं असतं. झेंडू मार्केट यार्डातून आणा. तुमच्या पप्पांसाठी आज रोझरी (मरियामातेची जपमाळ) म्हणतो.

प्रश्नकर्ती : आईला वाचून दाखवलं, रडली. रविवारी जातोय.