भाव उतरवण्याआधी फाइल बघा
पाम बीच रोडचा साडेचार कोटींचा फ्लॅट सहा महिने पडून आहे, ३० लाख उतरवू का, असं तुम्ही विचारलंय. थांबा, आधी कागद तपासा. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, लीजवर दिलेली. मागच्या खरेदीचं हस्तांतरण सिडकोच्या दप्तरी लागलं नसेल, तर गिऱ्हाइकाची बँक तिथेच कर्ज अडवते आणि टोकन घेतलेला सौदा मोडतो. करारांची अख्खी साखळी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एकत्र लावा. हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे टोकनच्या पावतीवरच लिहा. तोंडी ठेवलंत तर नोंदणीच्या दिवशी वाद ठरलेला.

५० लाखांवरच्या घराला खरेदीदार १% टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे सरकारकडे भरायचा कर, किमतीतून कापतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी, म्हणून कमी कपातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि तुमच्या फ्लॅटच्या खिडकीखालची फुगलेली पुट्टी! त्यावर नुसता रंग फासू नका. बाहेरून फ्रेमची भेग सीलंटने बुजवा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच पुट्टी. एवढे पैसे मोजणारा माणूस भिंतीला हात लावून बघतोच.

दलाल एकच ठेवा. पाच जाहिरातींत पाच भाव दिसले की गिऱ्हाईक सर्वांत खालचा भाव धरून बसतं.