सरांची जुनी यामाहा एफजी-१८०: काकूंना किती दिले म्हणजे रास्त होईल? (सोलापूर)

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. एका जुन्या अकॉस्टिक गिटारची किंमत ठरवायची आहे. घेणारी मीच आहे आणि किंमत सांगायचं कामही माझ्यावरच आलंय, म्हणून इथं विचारतेय.

गिटार माझ्या सरांची. सर रेल्वेत नोकरीला होते. ड्युटी संपली की संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरी आम्हा पोरांना शिकवायचे, फी कधी घेतली नाही. गेल्या वर्षी ते गेले. काकू आता मुलीकडे हैदराबादला राहायला जाणार, त्यामुळं घर आवरायला लागल्यात. मला बोलावून गिटार पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "तूच घेऊन जा गं. फुकट दिली तर तू घेणार नाहीस, मला माहितेय. किती द्यायचे ते तूच सांग, तुला कळतंय की त्यातलं."

माझी अडचण तिथंच आहे. मी बारा हजार म्हणाले तरी त्या हो म्हणतील आणि चाळीस म्हणाले तरी हो म्हणतील. मला असा आकडा हवाय की उद्या त्यांच्या मुलीनं दुसऱ्या कुणाला विचारलं, तरी मला मान खाली घालावी लागू नये.

आत्तापर्यंत दोन आकडे कानावर आलेत. गावातल्या एका दुकानदारानं आत बॅटरी मारून बघितलं आणि "प्लाय आहे, पाच हजार" म्हणाला. काकूंच्या भाच्यानं पुण्याहून मोबाईलवर जाहिरात पाठवली, तीत "यामाहा रेड लेबल" नव्वद हजार. काकू या दोन्हींच्या मध्ये गोंधळून बसल्यात.

गिटारची स्थिती सांगते. आतलं लेबल लाल आहे, त्यावर निप्पॉन गाक्की, मेड इन जपान आणि एफजी-१८० असं आहे. काकू म्हणतात, १९७१ च्या सुमारास सरांनी मुंबईत बोटीवर नोकरी करणाऱ्या एकाकडून घेतली. टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, कुठंही तडा नाही. साउंडहोलच्या कडेला स्क्रूची दोन भोकं आहेत. सहा खुंट्यांपैकी दोन वेगळ्या बसवल्यात. मागच्या बाजूला बेल्टच्या बकलाचे ओरखडे. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या तारेची उंची पट्टीनं मोजली, साडेसहा मिलिमीटर आहे. कॉर्ड धरवतच नाही. फोटो खाली जोडलेत.

लाकूड_आणि_तार (पुणे)

ताई, फोटो चांगले काढलेत. लेबल बघता ही पहिल्या काळातली एफजी वाटते. यामाहानं एफजी मालिका १९६६ साली काढली. तेव्हा कंपनीचं नाव निप्पॉन गाक्कीच होतं, यामाहा कॉर्पोरेशन हे नाव १९८७ मध्ये आलं. लाल लेबलनंतर हिरवं आलं आणि पुढं तैवानमध्ये बनलेल्या एफजी बाजारात यायला लागल्या. काकू म्हणतात ते साल लेबलाशी जुळतं.

भाच्यानं पाठवलेली जाहिरात पुन्हा नीट वाचा. यामाहानं २०१९ मध्ये "रेड लेबल" हेच नाव देऊन नवी मालिका आणली आहे. त्यातली एफजी५ पूर्ण सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेल्या अखंड लाकडाची आणि जपानमध्ये बनणारी. नव्वद हजार बहुतेक तिचे असणार. तुमच्या एफजी-१८० चा टॉप स्प्रूसचा पण प्लायचा, बाजू आणि पाठ महोगनीची, तीही प्लायचीच. नाव एक असलं तरी ती गिटार वेगळी, भावही वेगळा. शिवाय जाहिरातीतला आकडा ही मागणी असते. कुणी किती दिले ते बघायचं असेल तर विक्री झालेल्या गिटारींचे भाव शोधा. अमेरिकेत चांगल्या वाजत्या एफजी-१८० साधारण चारशे ते सहाशे डॉलरच्या पट्ट्यात जाताना मी बघितल्यात. पण त्याला रुपयानं गुणून सोलापुरात मागायचं नाही. तिथं गिऱ्हाईक आहे, इथं तेवढं नाही, आणि काकू काही बोटीनं पाठवत बसणार नाहीत.

काळजी वाटते ती साडेसहा मिलिमीटरची. दोन-अडीच असायला हवी. एवढी उंची म्हणजे तारांच्या ताणानं मान पुढं आलेली असते, ती सोडवून पुन्हा कोनात बसवावी लागते. या काळातल्या यामाहाची मान सोडवणं म्हणजे कारागिराची परीक्षाच, सरस नुसत्या वाफेनं लवकर सुटत नाही. माझ्याकडं असं काम आलं तर मी निम्म्या वेळा नाही म्हणतो. मान खरंच गेली असेल तर दहा-बारा हजारांच्या वर जाऊ नका, भावना बाजूला ठेवून सांगतो.

बार्शीचा_हिशेबनीस

मी गिटारवाला नाही, जुन्या वस्तू घेतो-विकतो. दुकानदाराच्या पाच हजारांवर चिडू नका, पण तो भाव खराही धरू नका. तो दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करणार, गिऱ्हाईक येईपर्यंत वस्तू दुकानात अडकून पडणार, न खपल्याचा तोटाही त्याचाच. म्हणून विकायच्या किमतीच्या निम्म्यानं घेणं हे त्याच्या धंद्यात बसतं. तुम्हाला विकायचीच नाही, वाजवायची आहे. तेव्हा दुकानदाराचा नफा तुमच्या हिशेबात धरूच नका, तो फरक काकूंचा.

हिशेब असा करा. हीच गिटार दुरुस्त होऊन, वाजत्या अवस्थेत, आपल्याच देशात कितीला गेली ते शोधा. त्यातून तुम्हाला करावा लागणारा खर्च वजा करा. उरेल तो भाव. वय, आठवण, सरांचं नाव यातलं काहीही बेरजेत घेऊ नका आणि वजाबाकीतही नको.

ऑर्केस्ट्रातला_जुना

मी सोलापूरचाच, पूर्व भागात राहतो. ताई, एक विचारतो. सर हवाईयन वाजवायचे का? फोटोत डोक्याकडच्या नटवर, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात त्या तुकड्यावर, लोखंडी पट्टी दिसायली, चकाकतेय बघा. साउंडहोलजवळची दोन भोकं मला पिकअपची, म्हणजे आवाज स्पीकरवर न्यायला लावतात त्या यंत्राची वाटायलीत. आमच्या वेळी गणपतीच्या कार्यक्रमांत हवाईयन गिटारला लई मागणी होती. वेगळी हवाईयन गिटार घ्यायला पैसे कुणाकडं? साध्या गिटारीवर उंच नट चढवायचा, मांडीवर आडवी घ्यायची आणि रॉड फिरवायचा.

तसं असेल तर साडेसहा मिलिमीटर हे मानेचं दुखणंच नव्हे. नट पाच-सहा मिलिमीटरनं उचलला की बाराव्या फ्रेटवर तार त्याच्या निम्म्यानं वर येते, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो. तारा सैल करा. ती पट्टी नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते, अलगद निघेल. मग परत सूर लावून मोजा.

आणि फ्रेट बघा. रॉडनं वाजवणाऱ्याची तार फ्रेटला टेकतच नाही. सरांनी जन्मभर तशीच वाजवली असेल तर फ्रेट कोरे असतील, पन्नास वर्षांच्या गिटारीत ही गोष्ट मिळत नाही की ओ.

जुळेसोलापूरकरीण

काका, अगदी बरोबर ओळखलंत. आम्हाला शिकवायला सर दुसरी, साधी इंडियन गिटार वापरायचे. ही मांडीवर घेऊन वाजवताना मी फक्त दोन-चारदा बघितली होती, त्यामुळं पट्टीकडं लक्षच गेलं नव्हतं.

पट्टी काढली. खाली मूळ नट शाबूत आहे, खाचाही ठीक आहेत. परत सूर लावून रात्रभर ठेवली आणि सकाळी मोजली. सहावी तार साडेतीन मिलिमीटर, पहिली तीनला थोडी कमी. खाली तारा अडकवतात त्या ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, ब्रिजच्या वर चार मिलिमीटर दिसते. सरळ धातूची पट्टी फ्रेटवरून पुढं सरकवली तर ब्रिजच्या वरच्या कडेला जेमतेम टेकते. ब्रिजमागं टॉप थोडा फुगलाय, प्रकाशात तिरकं धरलं की कळतं. बोटानं ठोकत गेले तर एका जागी, ब्रिजच्या खालच्या अंगाला, खडखड येते. फ्रेट मात्र खरंच कोरे आहेत. पहिल्या तीन फ्रेटवर साधी खाचसुद्धा नाही.

लाकूड_आणि_तार (पुणे)

मग माझा आधीचा आकडा सोडून द्या. मान शाबूत आहे. धातूची पट्टी ब्रिजच्या माथ्याला टेकते, याचा अर्थ कोन अजून जाग्यावर आहे. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल दोन मिलिमीटर घासायची. तुमच्याकडं चार आहेत. घासून दोन उरतील, तारेला ब्रिजवर पुरेसा कोनही राहील. नाहीतर हाडाची नवी सॅडल करून देतो.

खडखड म्हणजे आतली एक ब्रेस, टॉपला आधार देणारी लाकडी पट्टी, टॉपपासून सुटली आहे. सरस भरून क्लॅम्प लावला की होतं, मोठं काम नाही. थोडा फुगवटा या वयात असतोच, तो सपाट करायच्या मागं लागू नका.

माझ्याकडचे दोन भाव सांगतो, दोन्ही व्यवहार माझ्या माहितीतले. एक एफजी-१८०, सगळं मूळचं, सेटअप झालेली, बंगळुरूला ३४,००० ला गेली. दुसरी पुण्यातच २४,००० ला गेली, तिची अॅक्शन, म्हणजे तारांची उंची, चार मिलिमीटरच्या वर होती आणि सॅडल आधीच घासून संपलेली होती. तुमची या दोघींच्या मधली.

माझं काम धरा: ब्रेस, सॅडल आणि सेटअप मिळून ३,५००. जुन्या धाटणीच्या सहाही खुंट्या घेतल्या तर २,५०० च्या आसपास. भोकांचं काम करू नये असं माझं मत आहे. लाकडाची गुल्ली ठोकून वर रंग काढला तर ते आणखी नजरेत येतं. पण पुढं कधी विकली तर घेणारा त्या भोकांचे पैसे कापणार हे नक्की. तीनेक हजार.

ऑर्केस्ट्रातला_जुना

प्लाय प्लाय म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगायचंय. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, हवेत ओल राहत नाही. सॉलिड टॉपची गिटार इथं नीट जपली नाही तर लाकूड आकसतं आणि मधोमध चीर पडते. माझ्या एका साथीदाराची अशीच गेली. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ते टिकतं. आवाजात सॉलिड पुढं जाते हे मला मान्य आहे. पण सरांची गिटार एवढे उन्हाळे काढूनही तडा न जाता तुमच्या हातात आलीय ती प्लायमुळंच. दुकानदारानं ज्या गोष्टीचे पैसे कापले, त्याच गोष्टीनं ती वाचवलीय.

बार्शीचा_हिशेबनीस

३४,००० मधून ३,५००, २,५०० आणि ३,००० गेले. २५,००० राहिले. पुण्याच्या २४,००० वालीची सॅडल संपलेली होती, तुमची तशी नाही, म्हणजे त्याच्या खाली जायचं कारणच नाही. मी काकूंच्या जागी असतो तर २५ ला हो म्हणालो असतो. तुमच्या जागी असतो तरी तेवढेच दिले असते.

एक मात्र करा. हा आकडा काकूंना तोंडी सांगू नका. कागदावर लिहून मुलीला पाठवा, बंगळुरूचा आणि पुण्याचा भावही लिहा. दुसऱ्या कुणाला विचारायचं असेल तर आठवडाभर थांबते म्हणून सांगा. तुम्ही गिऱ्हाईकही आहात आणि जाणकारही, तेव्हा त्यांच्या बाजूनं बघणारा तिसरा माणूस मध्ये असायलाच हवा.

जुळेसोलापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. बार्शीच्या दादांनी सांगितलं तसंच केलं. एका पानावर हिशेब लिहिला, भोकांचे तीन हजार का कापले तेही लिहिलं, आणि काकूंच्या मुलीला, ताईला, हैदराबादला पाठवला. तिनं तिथल्या एका गिटार शिकवणाऱ्याला दाखवला. त्याचं म्हणणं पडलं की आकडा बरोबर आहे, फक्त भोकांना तीन हजार जास्त वाटतात, दीड पुरे. मला ते पटलं. ती भोकं मी बुजवणार नाही आणि गिटार विकणारही नाही, मग ते तीन हजार माझ्या खिशातून कधी जाणारच नाहीत. २६,५०० ठरले. काल काकूंच्या खात्यावर भरले.

काकू आधी घ्यायला तयार नव्हत्या. "अगं, सरांनी एवढ्यात घेतली तरी होती का!" म्हणाल्या. त्यांना सांगितलं की हे पैसे सरांचे नाहीत, गिटारीचे आहेत. उद्या दुकानात अशी गिटार घ्यायला गेले असते तर मला यापेक्षा जास्तच मोजावे लागले असते. मग घेतले.

अजून एक लिहून दिलंय. कधीकाळी मला विकायची वेळ आलीच, तर आधी ताईच्या मुलाला विचारायचं, याच भावानं. तो आत्ता सहावीत आहे.

पेटीत सरांचा स्टीलचा रॉड आणि बोटात घालायची पिकं निघाली. काकूंनी तीही दिली. पुण्याला कधी आणू?

लाकूड_आणि_तार (पुणे)

पुढच्या शनिवारी आणा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं या, दुपारपर्यंत ब्रेस चिकटवून क्लॅम्प लावतो. पण गिटार माझ्याकडं दोन दिवस ठेवावी लागेल, सरस वाळल्याशिवाय मी तारा ताणणार नाही. येताना तारा दोन सूर उतरवून आणा, पेटीत मानेखाली टॉवेलची घडी ठेवा, आणि गाडीत गिटार वरच्या रॅकवर नको, पायाशी उभी धरा. तो उंच नट आणि रॉडही बरोबर आणा. नटच्या मापाची खाच बघून ठेवतो, म्हणजे तुम्हाला कधी सरांसारखी मांडीवर घ्यावीशी वाटली तर तो परत बसेल. मूळच्या चार खुंट्या काढल्यावर फेकायच्या नाहीत, पुडीत बांधून पेटीतच ठेवायच्या.